खाणवाहनांचे बिनतारी संभाषण : अपघात टाळण्याचे नवे साधन

मुंबई महानगराच्या इमारती, पूल आणि रस्ते ज्या काळ्या पाषाणाच्या बळावर उभे राहिले, तो पाषाण पुरविण्याचे काम महानगराच्या सीमेवरील डोंगरांनी दीर्घकाळ केले आहे. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील कामण हे अशाच डोंगरांच्या पायथ्याचे गाव. एका बाजूस तुंगारेश्वराची रांग, जवळच कामणदुर्ग, गावाजवळून जाणारा वसई रोड-दिवा लोहमार्ग आणि चिंचोटीहून भिवंडीकडे निघालेला रहदारीचा रस्ता, अशी या गावाची भौगोलिक ठेवण आहे. या परिसरात दगड फोडणाऱ्या खाणी आहेत, खडी करणारे क्रशर आहेत आणि दगड, खडी व ग्रिट वाहून नेणाऱ्या डंपरांची वर्दळ आहे.

या डंपरांचा आणि कोळशाच्या किंवा मँगनीजच्या भूमिगत खाणींतील वाहनांचा प्रथमदर्शनी काही संबंध दिसत नाही. एक उघड्या आकाशाखाली चालतो, दुसरे जमिनीच्या पोटात. परंतु दोन्हींपुढील प्रश्न एकच आहे. अवजड वाहन चालविणाऱ्यास समोरचे, मागचे आणि वळणापलीकडचे सर्वच दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्यानेच घात होतो. हा प्रश्न सोडविण्यासाठी जगातील अनेक भूमिगत खाणींत वाहनांना परस्परांशी बिनतारी संपर्क साधण्याची सोय करून देण्यात येत आहे. ही सोय काय आहे, ती कशी चालते, तिच्या मर्यादा कोणत्या आणि कामणसारख्या दगडखाणीच्या गावास तिच्यापासून काय घेता येईल, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अपघात कसा घडतो

खाणीतील दुर्घटना म्हटली की स्फोट, छत कोसळणे किंवा पाणी शिरणे यांचीच आठवण होते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथील कोळसा खाणीत पाणी घुसून ३७५ कामगार मृत्युमुखी पडले, ही घटना देश विसरलेला नाही. अशा मोठ्या दुर्घटनांची चर्चा होते, चौकशी होते आणि नियम सुधारतात. मात्र वाहनाखाली सापडून होणारा मृत्यू बहुधा एकेकट्याचा असतो. त्याची बातमी दोन ओळींची असते. उघड्या खाणींतील जीवघेण्या अपघातांत डंपर, ट्रक आणि तत्सम वाहनांचा वाटा मोठा असल्याचे भारतातील खाण-सुरक्षेच्या नोंदी वर्षानुवर्षे दाखवीत आल्या आहेत.

त्याचे कारण चालकाच्या निष्काळजीपणात शोधण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती असते. ती प्रत्येक वेळी न्याय्य नसते, हे साध्या हिशेबावरून दिसून येईल. एखादे वाहन ताशी २० किलोमीटर वेगाने चालले आहे असे धरू. म्हणजे ते एका सेकंदात सुमारे साडेपाच मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे मानले, तर तेवढ्यातच वाहन आठ मीटर पुढे गेलेले असते. सपाट, कोरड्या रस्त्यावर त्यानंतर थांबण्यास साधारणतः आणखी आठ मीटर लागतील. तेच वाहन दहास एक अशा उतारावरून माल भरून खाली येत असेल, तर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर जवळजवळ दुप्पट होते आणि एकूण अंतर २४ मीटरांच्या घरात जाते. समोरून त्याच वेगाने वर चढणाऱ्या वाहनास थांबण्यास सुमारे १३ मीटर लागतील. म्हणजेच दोन्ही वाहने सुरक्षितपणे थांबावयाची असतील, तर त्यांनी परस्परांना किमान ३७ मीटर अंतरावरून पाहिले पाहिजे. वळणामुळे २० मीटरांपलीकडचे दिसत नसेल, तर चालक कितीही कुशल असला तरी टक्कर टळणे कठीण होते.

मागे येणाऱ्या वाहनाचा हिशेब याहून भयावह आहे. डंपर ताशी पाच किलोमीटर इतक्या संथ गतीने मागे येत असला, तरी तीन मीटरांवर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मजुरापर्यंत तो सुमारे दोन सेकंदांत पोहोचतो. चालकाच्या उंच आसनावरून वाहनाच्या मागचा आणि डाव्या कुशीजवळचा मोठा भाग अजिबात दिसत नाही. क्रशरच्या खडखडाटात हाकही ऐकू जात नाही.

भूमिगत खाणीतील विशेष अडचणी

महाराष्ट्रातील भूमिगत खाणी मुख्यत्वे विदर्भात आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी १९७५ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूर येथे असून नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत आणि लगतच्या मध्य प्रदेशात तिच्या खाणी आहेत. मँगनीजच्या क्षेत्रात १९६२ साली स्थापन झालेली मॉईल ही कंपनी अग्रेसर आहे. नागपूर जिल्ह्यातील कांद्री, मनसर, बेलडोंगरी व गुमगाव आणि भंडारा जिल्ह्यातील चिखला या तिच्या भूमिगत खाणी होत. या खाणींतून पूर्वापार रुळांवरील डबे, दोरखंडाने ओढले जाणारे टब आणि वाहक पट्टे यांवरच वाहतुकीची भिस्त राहिली. कालांतराने रबरी चाकांची वा साखळी पट्ट्यांवर चालणारी, माल भरून स्वतःच वाहून नेणारी यंत्रे खाणीत उतरली. राजस्थानातील रामपुरा आगुचा आणि सिंदेसर खुर्द या जस्त-शिशाच्या खाणींत तर उतरत्या रस्त्यांवरून बुटक्या बांधणीचे ट्रक थेट भूगर्भात ये-जा करतात.

भूगर्भात वाहन आले, की रस्त्यावरील सर्व अडचणी तेथे येतात; आणि रस्त्यावरील सोयी मात्र येत नाहीत. प्रकाश फक्त वाहनाच्या दिव्यांचा आणि कामगाराच्या शिरस्त्राणावरील दिव्याचा. रस्ता एकाच वाहनाच्या रुंदीचा. समोरून दुसरे आले, तर मधल्या कपारीत थांबून वाट द्यावयाची. काटकोनातील वळणे जागोजागी. धूळ, पाण्याची ठिबक आणि पंख्यांचा अखंड आवाज यांत डोळे आणि कान दोन्ही थकतात. त्यातच उपग्रहाच्या साह्याने जमिनीवर आपले ठिकाण सांगणारी जीपीएस यंत्रणा तेथे पूर्णतः निरुपयोगी ठरते, कारण उपग्रहाचा क्षीण संकेत खडक भेदून खाली पोहोचत नाही.

घंटेच्या ठोक्यापासून बिनतारी लहरींपर्यंत

खाणीतील संदेशवहनाचा इतिहास घंटेपासून सुरू होतो. माणसांची व मालाची ने-आण करणारा पिंजरा विहिरीसारख्या खोल कूपातून वर-खाली करताना, तळाचा कामगार ठरलेल्या ठोक्यांनी वरच्या यंत्रचालकास सूचना देत असे. या संकेतावलीत एक शहाणपण दडलेले आहे. चालता पिंजरा थांबविण्याचा संकेत एकाच ठोक्याचा ठेवलेला असतो. जो संदेश सर्वात तातडीचा, तो सर्वात साधा असला पाहिजे, हे तत्त्व आजच्या अत्याधुनिक यंत्रणेसही तितकेच लागू आहे.

घंटेनंतर तारेचा टेलिफोन आला. त्याने ठरावीक ठिकाणे जोडली गेली. पण चालत्या वाहनास तार जोडता येत नाही. बिनतारी संच खाणीत नेला, तर तो काही पावलांवर मुका होतो. याचा अनुभव अनेकांनी वेगळ्या प्रकारे घेतलेला आहे. घाटातून जाणाऱ्या आगगाडीत ट्रान्झिस्टर चालू असला, की गाडी बोगद्यात शिरताच आकाशवाणी एकाएकी बंद पडते आणि बाहेर येताच पुन्हा सुरू होते. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते आणि बोगद्याची रुंदी अवघी काही मीटर. लहर बोगद्यात मावत नाही, असे सोप्या भाषेत म्हणता येईल. पाच मीटर रुंदीच्या बोगद्यात साधारणपणे दहा मीटरांहून अधिक लांबीच्या, म्हणजे ३० मेगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारितेच्या लहरी तग धरू शकत नाहीत.

त्याहून पुष्कळ आखूड लहरी वापरल्या, तर त्या नळीतून जाणाऱ्या ध्वनीप्रमाणे सरळ बोगद्यात दूरवर जातात. परंतु या लहरी प्रकाशाशी नाते सांगणाऱ्या असल्यामुळे वळणावर अडखळतात. काटकोनात वळताना त्यांचे बळ एकदम घटते. म्हणजे जेथे धोका अधिक, नेमके तेथेच संपर्क तुटतो.

या पेचातून मार्ग काढण्यासाठी जी युक्ती प्रथम रूढ झाली, ती पाझरत्या तारेची. दूरदर्शन संचाला जोडतात तशा जाड तारेच्या बाह्य वेष्टनास ठिकठिकाणी फटी ठेवलेल्या असतात. पाट फुटका असला म्हणजे त्यातून वाटेवरच्या शेतात पाणी झिरपत जाते, तशा या तारेतून बिनतारी लहरी बोगद्यात झिरपत राहतात आणि बोगद्यातील लहरी तारेत शिरतात. तार वळणाबरोबर वळते, त्यामुळे संपर्कही वळतो. ही पद्धत आजही अनेक खाणींत आणि रेल्वे बोगद्यांत वापरात आहे. मात्र तिच्यातून माणूस माणसाशी बोलतो. वाहनांनी आपापसात, माणसाच्या बोलण्याची वाट न पाहता, क्षणोक्षणी माहिती द्यावी यासाठी आणखी पुढचे पाऊल आवश्यक होते.

वाहन वाहनाशी काय बोलते

हे पुढचे पाऊल प्रथम हमरस्त्यांवरील मोटारींसाठी टाकले गेले. अमेरिकेत १९९९ साली रस्त्यावरील वाहनांच्या संपर्कासाठी ५.९ गिगाहर्ट्झ परिसरातील लहरींचा एक पट्टा राखून ठेवण्यात आला. या पद्धतीत प्रत्येक वाहन एका सेकंदात साधारणपणे दहा वेळा एक लहानसा संदेश प्रसृत करते. मी कोठे आहे, कोणत्या दिशेने व किती वेगाने जात आहे, ब्रेक लावला आहे काय, एवढेच त्यात असते. जवळपासचे प्रत्येक वाहन तो संदेश ग्रहण करते, स्वतःच्या गतीशी ताडून पाहते आणि दोघांचे मार्ग छेदणार असतील तर चालकास सावध करते. मधे कोणतेही नियंत्रण केंद्र लागत नाही, हा याचा मोठा गुण होय.

खाणीत हाच संदेश थोडा वेगळा असतो. वाहन भरलेले की रिकामे, चढते की उतरते, पुढे की मागे चालले आहे, यास तेथे महत्त्व असते. कारण भरलेल्या वाहनास वाट देण्याचा शिरस्ता बहुतेक खाणींत असतो. मागील उदाहरणातील दोन वाहने परस्परांकडे येत असताना त्यांतील अंतर सेकंदाला ११ मीटरांनी कमी होते. सेकंदाला दहा संदेश गेले, तर दोन संदेशांच्या दरम्यान हे अंतर जेमतेम एक मीटराने घटते. शंभर मीटर आधी सूचना मिळाली, तर चालकाच्या हाती नऊ सेकंद उरतात. कपारीत वाहन घेण्यास एवढा अवधी थोडा असला, तरी निदान दोघांना थांबण्यास तो पुरेसा आहे.

जीपीएस नसताना ठिकाण कसे कळावे, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत. एका पद्धतीत बोगद्याच्या भिंतीवर ठरावीक अंतरांवर ओळखपट्ट्या बसवितात. वाहन त्यांच्याजवळून गेले की त्याचे ठिकाण नोंदले जाते. दुसऱ्या पद्धतीत अतिशय अल्पकाळाचे स्पंद पाठवून ते परत येण्यास किती वेळ लागला, हे मोजतात. बिनतारी लहर सेकंदाच्या एक अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जाते. त्यामुळे वेळ तितक्या सूक्ष्मपणे मोजता आली, तर अंतर हातभराच्या फरकाने सांगता येते. तिसरी पद्धत यंत्राभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्याची. या क्षेत्राचे बळ अंतराच्या घनाच्या प्रमाणात झपाट्याने कमी होते. कामगाराच्या कमरेच्या पट्ट्यावरील लहानसे यंत्र ते बळ मोजते आणि कामगार यंत्राच्या किती जवळ आला, हे निश्चितपणे सांगते. चुंबकीय क्षेत्र शरीरामुळे वा खडकाच्या कोपऱ्यामुळे फारसे अडत नाही, म्हणून माणसाच्या रक्षणासाठी ही पद्धत विशेष उपयोगी ठरली आहे.

वळणाचा अडसर दूर करण्यासाठी चौकांच्या ठिकाणी संदेश झेलून पुढे टाकणारी लहान केंद्रे बसवितात. प्रत्येक वाहनही अशा केंद्राचे काम करू शकते. पहिल्याचा आवाज तिसऱ्यापर्यंत पोहोचत नसेल, तर दुसरा तो पुढे सांगतो. डोंगरातील वाड्यांवर एकाने दिलेली हाळी दुसऱ्याने उचलून पुढच्या वाडीस पोहोचवावी, तसाच हा प्रकार आहे. यातील एखादे केंद्र बंद पडले, तरी निरोप दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. छत कोसळून तार तुटण्याचा संभव असलेल्या खाणीत ही गोष्ट मोलाची आहे.

सूचना, सल्ला आणि हस्तक्षेप

सूचना मिळाल्यावर पुढे काय व्हावे, याच्या तीन पायऱ्या जागतिक खाण उद्योगात मानल्या जातात. पहिल्या पायरीवर यंत्रणा चालकास केवळ आजूबाजूच्या परिस्थितीची जाणीव देते. दुसऱ्या पायरीवर ती ‘वेग कमी करा’, ‘थांबा’ असा स्पष्ट सल्ला देते. तिसऱ्या पायरीवर चालकाने काही केले नाही, तर यंत्रणा स्वतः वाहनाचा वेग कमी करते व ते थांबविते.

अमेरिकेत २ जानेवारी २००६ रोजी सागो येथील कोळसा खाणीत झालेल्या स्फोटानंतर १२ कामगार मरण पावले. त्या वर्षी संमत झालेल्या कायद्याने भूमिगत खाणींत बिनतारी संपर्क व कामगारांचे ठिकाण समजण्याची सोय यांवर भर दिला. पुढे २०१५ साली भूमिगत कोळसा खाणींतील सलग कोळसा कापणाऱ्या यंत्रांवर माणूस जवळ येताच यंत्र थांबविणारी यंत्रणा अनिवार्य करणारा नियम तेथे झाला. दक्षिण आफ्रिकेने २०१५ मध्ये रुळांविना चालणाऱ्या खाणयंत्रांसाठी नियम केले आणि डिझेल वाहनांनी धोक्याच्या वेळी आपोआप मंद होऊन थांबावे, ही तरतूद डिसेंबर २०२२ पासून अंमलात आणली.

तिसरी पायरी सर्वात सुरक्षित वाटते. पण तिच्यातही धोका आहे. ओल्या उतारावर भरलेले वाहन यंत्राने एकाएकी अडविले, तर ते घसरू शकते. म्हणूनच वेग टप्प्याटप्प्याने कमी करण्याची काळजी घ्यावी लागते. यंत्रणा ऊठसूट इशारे देऊ लागली, तर उलट परिणाम होतो. दिवसभर वाजणारा भोंगा चालक मनाआड करतो, प्रसंगी त्यावर फडके गुंडाळतो. खऱ्या धोक्याच्या वेळीच बोलणारी यंत्रणा हीच चांगली यंत्रणा होय.

कोळशाच्या खाणीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. तेथील मिथेन वायू हवेत ५ ते १५ टक्के या प्रमाणात मिसळला असता ठिणगीने स्फोट होतो. तेव्हा तेथे नेले जाणारे प्रत्येक विद्युत उपकरण, मग ते बिनतारी संच असो वा कामगाराच्या पट्ट्यावरील यंत्र, ठिणगीने वायू पेटू शकणार नाही इतक्या अल्प शक्तीवर चालणारे किंवा ज्वालारोधक पेटीत बंदिस्त असावे लागते आणि त्यास रीतसर मान्यता घ्यावी लागते. दगडखाणीत बाजारातील साधा संच चालून जाईल. कोळसा खाणीत तो प्राणघातक ठरू शकतो.

भारतातील व्यवस्था

भारतात खाणींच्या सुरक्षिततेची देखरेख धनबाद येथे मुख्यालय असलेले खाण सुरक्षा महासंचालनालय करते. या कार्यालयाचा प्रारंभ १९०२ साली झाला. संशोधनाच्या क्षेत्रात धनबादच्याच केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेने भूमिगत खाणींतील कामगार व वाहने यांचा बिनतारी मागोवा घेणाऱ्या पद्धतींवर काम केले आहे. या संस्थेचे एक केंद्र नागपुरातही आहे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेत खाण अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. थोडक्यात, या विषयातील ज्ञान महाराष्ट्राच्या आवाक्याबाहेरचे नाही.

कायद्याच्या बाबतीत एक गोष्ट ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दगडखाण ही ‘खाण’ नव्हे, असा एक गैरसमज आढळतो. १९५२ च्या खाण अधिनियमाने इमारती दगड व रस्त्याची खडी काढणाऱ्या लहान उघड्या खोदकामांना बऱ्याच तरतुदींतून सूट दिली होती. पण ती सूट खोली सहा मीटरांहून अधिक नसेल, कोणत्याही दिवशी ५० हून अधिक माणसे कामावर नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तरच मिळत असे. सुरुंग लावून डोंगर फोडणारी खाण या सवलतीत बसतच नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. गौण खनिजांच्या उत्खननाचे परवाने व पट्टे महाराष्ट्रात २०१३ च्या गौण खनिज नियमांनुसार महसूल यंत्रणेमार्फत दिले जातात. उत्खननाची परवानगी आणि कामगारांची सुरक्षितता या दोन स्वतंत्र बाबी आहेत; पहिली मिळाली म्हणजे दुसरीची जबाबदारी संपत नाही.

कामणसारख्या गावी काय करता येईल

कामणच्या परिसरात भूमिगत खाण नाही. येथील खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला असून तो डोंगराच्या अंगावरूनच फोडला जातो. परंतु भूगर्भातील काम या भागास अपरिचित राहिलेले नाही. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेसाठी तुंगारेश्वराच्या डोंगरातून चार किलोमीटरांहून अधिक लांबीचा बोगदा खोदण्यात आला. प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर पाण्याच्या या योजनेतून वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांना पाणी देण्याचे योजिले आहे. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठीही पालघर जिल्ह्यातील डोंगरांतून बोगदे काढण्याचे काम हाती घेण्यात आले. बोगद्यातील डंपर, खोदयंत्र आणि काँक्रीटची वाहने यांना भूमिगत खाणीतील वाहनांचीच परिस्थिती लाभते. अशा कामांच्या निविदांतच वाहनांच्या परस्पर संपर्काची व कामगारांच्या ओळखपट्ट्यांची अट असणे इष्ट होय. काम सुरू झाल्यावर ती घालणे महाग पडते.

उघड्या दगडखाणीत आकाश दिसत असल्याने जीपीएस बऱ्याच अंशी चालते. मात्र उंच कड्यांच्या पायथ्याशी उपग्रहाचे संकेत दगडावर आपटून येतात आणि ठिकाण काही मीटरांनी चुकते. डंपरच्या मागे तीन मीटरांवर माणूस आहे की आठ मीटरांवर, हा जेथे जीवन-मरणाचा प्रश्न असतो, तेथे एवढी चूक परवडत नाही. म्हणून तेथे केवळ जीपीएसवर विसंबून न राहता जवळचे अंतर मोजणारे यंत्र आणि मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा यांची जोड द्यावी लागते. दुसरी अडचण वाहनांची. मोठ्या खाणीतील वाहने एकाच मालकीची असतात. दगडखाणीत मात्र बाहेरचे ट्रक दिवसभर येत-जात असतात. दहांपैकी नऊ वाहनांवर यंत्र असले आणि दहाव्यावर नसले, तर नऊ चालक निश्चिंत राहतात आणि धोका दहाव्याकडून येतो. फाटकावर येणाऱ्या प्रत्येक वाहनास आत असेपर्यंत हाताळता येण्याजोगा संच देणे व जाताना परत घेणे, हा यावरील व्यवहार्य उपाय आहे.

या सर्वांच्या आधी काही कमी खर्चाच्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पायी चालणाऱ्यांची वाट आणि डंपरची वाट वेगळी असावी. भरलेल्या वाहनांसाठी एक व रिकाम्यांसाठी दुसरी, अशी एकेरी वाहतूक शक्य तेथे ठेवावी. कड्याच्या बाजूस मजबूत बांध असावा. माल ओतण्याच्या जागी मागे येणाऱ्या डंपरला खूण करण्यासाठी एक माणूस नेमलेला असावा, त्याच्या अंगात चमकणारे जाकीट असावे आणि तो दिसेनासा झाला की चालकाने थांबावे, असा दंडक असावा. मागे जाताना वाजणारा भोंगा चालू आहे की नाही, हे प्रत्येक पाळीच्या आरंभी तपासले जावे. साधे वॉकी-टॉकी संच वापरल्यास बोलण्याची ठरलेली मोजकी वाक्ये असावीत. बिनतारी संचांसाठी लागू असलेले केंद्रीय दूरसंचार विभागाचे नियमही पाळले जावेत.

पंचायत सदस्यांनी व ग्रामस्तरावरील अधिकाऱ्यांनी आपल्या हद्दीतील खाणमालकांस याबाबत प्रश्न विचारणे, ही या सुधारणेची पहिली पायरी ठरेल. खाणीची सूचना सुरक्षा महासंचालनालयास दिली आहे काय? तेथे पात्रताधारक व्यवस्थापक नेमलेला आहे काय? कामगारांची मुले खाणीच्या आवारात वावरतात काय? खाणीतून निघालेले डंपर शाळा सुटण्याच्या वेळी गावातून जातात काय? यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर कोणतेही यंत्र न घेता, वेळापत्रक बदलून देता येते. शिक्षकांनाही येथे वाव आहे. उंच वाहनाच्या मागे व कुशीस चालकास न दिसणारा भाग किती मोठा असतो, हे शाळेच्या पटांगणात उभ्या ट्रकभोवती चुन्याची रेघ मारून मुलांना दाखविता येते. एकदा पाहिलेली ती रेघ मुले सहसा विसरणार नाहीत.

यंत्राची मर्यादा

नवे साधन आले, की त्याच्याकडून सर्व काही साधेल अशी अपेक्षा निर्माण होते. ती येथे बाळगणे योग्य नाही. मे २०२४ च्या अखेरीस कामणपासून जवळच असलेल्या ससूनवघर येथे सूर्या योजनेच्या कूपाचे काम सुरू असताना माती व बांधकाम ढासळून खोदयंत्रासह त्याचा चालक गाडला गेला. वाहनांचे बिनतारी संभाषण अशा प्रसंगी उपयोगी पडत नाही. तेथे मातीची पाहणी, भिंतींचा आधार आणि काम थांबविण्याचा वेळीच घेतलेला निर्णय यांचेच महत्त्व असते. यंत्र दुसऱ्या यंत्राची चाहूल देते. खडकाची, पाण्याची वा थकलेल्या चालकाच्या झोपेची चाहूल घेण्यासाठी निराळे उपाय योजावे लागतात.

तरीही या साधनाचे मोल कमी होत नाही. आजवर खाणीत चालकाने अंदाज बांधावा, मजुराने जपून राहावे आणि उभयतांनी दैवावर भरवसा ठेवावा, अशी रीत होती. वाहने परस्परांस स्वतःची वार्ता देऊ लागली, तर अंदाजाची जागा माहिती घेते. चांगला रस्ता, वेगळी पायवाट, प्रशिक्षित माणूस आणि त्यांच्या जोडीला हे यंत्र, असा क्रम राखला गेला, तर ज्या दोन सेकंदांत मजुराचा प्राण जातो, ते दोन सेकंद त्यास परत मिळू शकतील. महानगराच्या इमारतींसाठी डोंगर फोडणाऱ्या हातांना सायंकाळी सुखरूप घरी पोहोचविणे, हा विकासाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.